मणित्तियालम

बढती मिळाली आणि तिच्या शेपटाला बांधून बदलीही आली. बदली चेन्नईला आहे असं मी सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "मद्रासला नको." का नको ते सांगेनात. मी रेल्वेच्या हिशेब खात्यातली बाई. ही बढती मिळावी म्हणून मी किती साहेब पचवले ते ह्यांना चांगलं माहीत होतं. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पेन्शन बेताची, मुलगी पुण्याला शिकायला. तेव्हा नको म्हणायची सोय कुणालाच नव्हती. मला वाटलं, रोज भात खावा लागेल म्हणून कुरकुरतायत. तसं मी म्हटलंही. हसले नाहीत. सामान मात्र शेवटी त्यांनीच बांधलं, कारण बांधाबांध निघाली की दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही.

घर मिळालं मैलापूरच्या समुद्राकडच्या अंगाला, एका अरुंद गल्लीत. तीन मजले, वर गच्ची. मधल्या मजल्यावर मालक आणि मालकीणबाई, आमचं बिऱ्हाड त्यांच्या डोक्यावर, समोरच्या भागात आणखी दोन कुटुंबं. मालक तंजावरकडचे मराठी. "मराठी मनुष्यें म्हणून तुम्हांस घर दिलें," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले, तेव्हा मालक पोथीतलं काही म्हणून दाखवतायत की काय असं मला वाटलं. नंतर कळलं की घरात, बायकोशी, दूधवाल्याच्या तक्रारीतसुद्धा ते असंच बोलतात. माझंच मराठी बिघडलेलं आहे अशी त्यांची खात्री होती.

तळमजल्यावर आच्ची राहायची. आच्ची म्हणजे आजी, तिच्या गावाकडच्या तमिळमध्ये. ती समुद्रापलीकडची, लंकेतल्या जाफनाकडची. तिकडची लढाई पेटल्यावर कधीतरी नावेतून इकडे आली होती. एकुलता एक मुलगा कॅनडात, त्याचे कागद होत नव्हते आणि हिचे त्याहून नव्हते. एक खोली, एक स्वयंपाकघर, दाराशी कुंडीत लावलेलं कढीलिंबाचं झाड. चेन्नईत गेल्यावर पहिले सहा महिने मला कुणी आत बोलावलं नाही. दारातूनच हसायचे, दारातूनच "साप्टाच्चा?" म्हणजे जेवलात का विचारायचे आणि दार लावून घ्यायचे. आच्चीने पहिल्याच आठवड्यात जिन्यातून जाताना मला हाताला धरून आत नेलं, खाली बसवलं आणि मिरची-खोबऱ्याचा लालभडक संबोल पुढे ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने आलं असं मी तिला सांगितलं.

माझं तमिळ तिच्याकडूनच आलं. "वांगो" म्हणजे या. "इरुंगो" म्हणजे बसा. सगळं आदराचं, शेपटीला "ंगो" लावलेलं. मी ते घेऊन बाजारात गेले की भाजीवाली पदर तोंडाला लावायची, कारण चेन्नईत "वांग" म्हणतात, "वांगो" म्हटलं की सिलोनची वाटते. एकदा तर मी तिला म्हटलं, पिशवी ठेव, एका मणित्तियालमने येते. ती बाई टोपलीवर हात ठेवून हसली. शेजारच्या दोघींना बोलावून तिने माझ्याकडून तो शब्द परत म्हणवून घेतला. तास म्हणायचं होतं मला. इथे तासाला "मणि नेरम" म्हणतात. मणित्तियालम हा तिकडचा, पाण्यापलीकडचा शब्द.

घरी येऊन मी ही गंमत ह्यांना सांगितली. हे गणवेशाला इस्त्री करत होते. ओरगडमला तेव्हा कारखाने नव्याने उभे राहत होते, त्यातल्या एकाच्या फाटकावर ह्यांना सुरक्षारक्षकांवरचा सुपरवायझर म्हणून काम मिळालं होतं. कंपनीची बस न्यायची, आणायची. हाताखालचे सगळे फौजी नाहीतर बिहारी, त्यामुळे काम हिंदीत भागायचं. ह्यांनी इस्त्री उभी केली आणि विचारलं, "मणित्तियालम इथे म्हणत नाहीत?"

तो शब्द मी अडखळत म्हटला होता. ह्यांनी तो सरळ, स्वच्छ म्हटला.

हे लंकेत गेले होते हे मला ठाऊक होतंच. मुलगी नुकती शाळेत जायला लागली तेव्हा आपली फौज तिकडे शांतता राखायला म्हणून गेली, त्यात हे होते. त्या दिवसांची एक गोष्टही पाठ होती मला. गावी जत्रेला, लग्नाकार्यात, चार फौजी जमले की ह्यांना ती सांगायला लावायचे. एका गल्लीत बंदुका लपवल्याची खबर होती. शेजारच्या गल्ल्यांमध्ये असल्या झडत्या घेताना माणसं मेली होती, आपलीही आणि त्यांचीही. ह्यांच्या तुकडीला पढवलेली चार तमिळ वाक्यं होती. ती ओरडत हे पुढे गेले, सगळी गल्ली बाहेर काढली, हात वर, ओळीने, पोरंबाळं, म्हातारेकोतारे. बंदुका सापडल्या. एक गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलं नाही. ह्यांना शाबासकी मिळाली. गोष्ट इथे संपायची आणि कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारायचं.

पण ती चार वाक्यं ह्यांच्या डोक्यात इतकी वर्षं तशीच शाबूत आहेत, आणि नुसती चार नाहीत, दोन वर्षं ऐकून ऐकून ह्यांना जवळजवळ सगळं कळतं, हे मला त्या दिवशी इस्त्रीपाशी उभं राहून समजलं. म्हणजे गेलं वर्षभर मी दुधाचा हिशेब खुणांनी करत होते आणि हे शेजारी मख्ख उभे राहत होते. माझं डोकंच फिरलं. मी बरंच बोलले. हे ऐकून घेऊन म्हणाले, "माझं तमिळ सगळं हात वर केलेल्या माणसांशी बोललेलं आहे. त्यात 'या' नाही, 'ये' आहे. 'बसा' नाही, 'बस' आहे. ते घेऊन मी दुकानात जाऊ?"

मग थोड्या वेळाने, इस्त्री परत हातात घेऊन, "आणि आच्चीपुढे तर एक शब्दसुद्धा नाही. तिच्यापुढे ते तोंडातून निघालं की ते घर आपल्याला संपलं."

ते घर माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त लागत होतं, हे मला तोवर लक्षात आलं नव्हतं. ह्यांच्या पायाला भिंगरी. घरात असले की खिडकी, दार, जिना, गच्ची, पुन्हा खिडकी. जेवतानाही दाराकडे तोंड करून बसायचे. टीव्हीवरच्या बातम्या उभ्याने. पण रविवारी आच्चीचा नळ गळतोय, सिलिंडर लावायचाय, पंखा कुरकुरतोय असं काही निघायचं आणि हे खाली जायचे; काम झाल्यावर ती ह्यांना वेताच्या खुर्चीवर बसवायची आणि बोलत सुटायची. ती ह्यांना तंबी म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या विहिरीचं पाणी किती गोड होतं, शेवग्याच्या कुठल्या फांदीला जास्त शेंगा यायच्या, शेजारणीची बकरी कशी चोरटी होती. हे हाताची घडी तोंडावर बोट अशा थाटात बसून ऐकायचे. पंचाईत एकच होती. मी भाषांतर करायच्या आधीच ह्यांना हसू यायचं. बकरी पुरणाला तोंड लावते त्या गोष्टीला तर हे इतके लवकर हसले की मी ह्यांना चिमटा काढला. आच्चीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुझा नवरा फार शांत, असं ती मला सांगायची. माझ्या नवऱ्याला शांत म्हणणारी ती जगातली एकमेव बाई असेल. पण खरंच, त्या खुर्चीवर ह्यांचे पाय हलायचे थांबायचे.

असं दोन वर्षं चाललं. मला रोज वाटायचं, आज काहीतरी बोलून जातील. नाही बोलले.

मग त्या डिसेंबरात समुद्र आत आला. रविवारची सकाळ होती. आमच्या गल्लीपर्यंत पाणी पोचलं नाही, पण पुढच्या कोळ्यांच्या वस्तीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत नाही. पुढचे दिवस फार वाईट गेले. हवेला वास होता. रस्त्यात कुणी पळताना दिसलं की बघणाराही पळायचा. हे कामावर जायचे, परत आले की थेट गच्चीवर, समुद्राच्या दिशेला तोंड करून. खाली या म्हटलं तर म्हणायचे, इथून दिसतं तरी. काय दिसतं ते विचारायची माझी हिंमत नव्हती. आच्ची दार लावून आत बसायची आणि देवापुढचा दिवा विझू द्यायची नाही.

चार-पाच दिवसांनी, सकाळी, माझ्या पायात चप्पल होती, ऑफिसला निघाले होते, तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. परत लाट येतेय. टीव्हीवरही तेच, रस्त्यावरही तेच. आमच्या घरात जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. मालकीणबाई कपाटातली चांदी चादरीत बांधायला लागल्या. मालक देवघरात जाऊन बसले, म्हणाले आपण यायचे नाही. समोरच्या कुटुंबातला बाप्या टीव्ही उचलून जिन्यात अडकला, त्याच्या मागे त्याची सासू, तिच्या मागे सगळे. कुणी वर जा म्हणत होतं, कुणी खाली. फाटकाची साखळी कुणाला निघेना. मीसुद्धा, मोठी शहाणी, हातात मुलीची पदवीची फाईल घेऊन उभी होते.

हे जिन्याच्या वळणावर उभे होते. मी बघितलं, ह्यांचे पाय स्थिर होते. पाठ ताठ झाली. माझ्या मनात आलं, नका. आणि लगेच दुसरं मनात आलं, बोला, देवाशपथ काहीतरी बोला.

"वेळिये वा! एल्लारुम वेळिये वा! ओरु मणित्तियालम!"

बाहेर ये. सगळे बाहेर. एक तास. असला आवाज मी आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. मोठा होता, पण रागाचा नव्हता; त्यात 'नाही म्हणायची सोय आहे' असं काही नव्हतंच. टीव्ही तिथल्या तिथे खाली ठेवला गेला. चांदी राहिली. मालक देवघरातून असे बाहेर आले जसं त्यांना कुणी मानगुटीला धरून आणलंय. सासूला दोघांनी उचललं. ह्यांनी साखळी एका लाथेत काढली, पोरं पुढे, म्हातारी माणसं मधे, हात मोकळे. बघता बघता घर रिकामं झालं. मला अभिमान वाटला, खोटं का बोलू? छाती भरून आली. एवढ्या मोठ्या गावात त्या वेळी काय करायचं ते ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो माझा नवरा होता.

मग आच्चीचं दार उघडलं.

ती दोन्ही हात डोक्याच्या वर धरून बाहेर आली. मान खाली. पावलं लहान लहान. कुणाकडे न बघता ती कुंपणाच्या भिंतीपाशी गेली आणि तिथे उकिडवी बसली, हात तसेच वर. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला जागा सोडून बसली होती, जशी काही आणखी माणसं येऊन तिच्या शेजारी ओळीने बसणार होती. मालकीणबाई त्या घाईतही हसल्या, म्हणाल्या आच्ची, लाट येतेय, पोलीस नाही. बाकीच्यांना कुणाला काही कळलं नाही. मणित्तियालम हा शब्दही त्यांना सिलोनी बाईकडून उचललेला, चुकीचा, गमतीचा वाटला असेल. हे फाटकात उभे होते. दिशा दाखवायला उचललेला ह्यांचा हात तसाच राहिला.

मीच तिला उठवलं. हात धरून खाली घेतले तर मुठी वळलेल्या. पार देवळाच्या तळ्यापर्यंत चालत गेलो, तिथे पायऱ्यांवर शेकडो माणसं बसली होती. ती माझ्या अंगाला लागून बसली. लाट आली नाही. आवईच होती. दुपारी सगळे घरी आले, टीव्ही जिन्यात होता तिथेच होता, आणि लोक हसायला लागले.

त्या संध्याकाळी ह्यांचं कौतुक काय विचारता. मालकांनी ह्यांना सेनापती म्हटलं. मालकीणबाईंनी गोड पोंगल करून पाठवला. गल्लीतल्या ज्या घरांनी आम्हाला कधी उंबरठा ओलांडू दिला नव्हता तिथली माणसं वर येऊन ह्यांचा हात हातात घेऊन गेली. तुम्हाला एवढं छान तमिळ येतं, लपवून का ठेवलंत? हे हसल्यासारखं करत होते. पोंगल तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आच्चीकडे गेले. मला वाटलं, ओरडेल, रडेल, दार लावून घेईल. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, मला ती कला येते. पण ती रागावली नव्हती. ती बदललीही नव्हती, माझ्याशी तरी. फक्त हे कामावरून आले आणि तिच्या दारावरून जायला लागले, तेव्हा ती भाजी निवडता निवडता उठून उभी राहिली. हे वर जाईपर्यंत उभी. दुसऱ्या दिवशीही उभी. आणि रविवारीच यायचा तो संबोल आता रोज यायला लागला. वाटी घेऊन ती स्वतः जिना चढायची, गुडघे दुखत असताना, दारात ठेवायची आणि "ऐया" म्हणून पाठ न फिरवता दोन पायऱ्या उतरायची. ऐया म्हणजे साहेब. तंबी गेला होता.

पूर्वी ती ह्यांना जेवणावरून बोलायची, एवढंसं काय खातोस म्हणून. आता काही बोलेना. ह्यांना ती वाटी गिळवेना. फेकवेनाही. मी एकटी खायची आणि चरफडायची. हे कामावर जाताना मागच्या दाराने, भिंतीवरून उडी मारून जायला लागले, म्हणजे तिला उभं राहावं लागू नये. पन्नाशीचा माणूस भिंतीवरून उड्या मारतोय! घरात तर ह्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की मालकांनी वरच्या पावलांचा आवाज होतो म्हणून एकदा विचारणा केली.

मी मालकांनाच धरलं. तुम्ही जुने, तुम्हाला तिची भाषा चांगली येते, तिला समजावून सांगा की ह्यांनी आपल्या सगळ्यांना वाचवायला ते केलं. गड आला पण सिंह गेला असं झालंय, असंही मी म्हटलं, मराठी माणसाला तेवढं कळेल म्हणून. मालकांनी पानाचा डबा बाजूला ठेवला.

"पाहा बाई," ते म्हणाले, "आमचेही वडील-पणजे येथें फौज घेऊनच आले. जिंकलें. राज्य केलें. लोक उठून उभे राहिले, मुजरा केला. पण शेजार कधीं जाला? राज्य गेलें, तलवार गेली, अप्पुरम शेजार जाला."

अप्पुरम म्हणजे त्यानंतर. किती वर्षं लागली, असं मी विचारलं. तें विचारूं नका, म्हणाले, आणि पान लावायला घेतलं. मला त्यांचा राग आला. माझ्याकडे तेवढी शतकं नव्हती.

त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग ह्यांनी मला गच्चीवर सांगितला, वाळलेले कपडे काढताना. कुणी विचारलं नसताना. गल्ली बाहेर काढली, बंदुका सापडल्या, शाबासकी मिळाली, ते सगळं खरं. पण एक तास म्हणून बाहेर काढलेल्या माणसांना परत आत सोडलंच नाही. गल्ली छावणीला लागून होती, ती मोकळी ठेवायचा हुकूम आला. माणसं जवळच्या शाळेच्या पटांगणात बसली आणि ह्यांचीच ड्यूटी त्या फाटकावर लागली. रोज कुणीतरी फाटकाशी येऊन विचारायचं, मणित्तियालम संपला का? हे म्हणायचे, अजून नाही. पहिल्यांदा हे खरंच वाटून म्हणायचे. मग नुसतंच म्हणायचे. त्या गल्लीतली पोरं, ज्यांच्या अंगावर ह्यांनी ओरखडा येऊ दिला नव्हता, ती एकेक करून रात्री पळून जंगलात गेली, बंदुका धरायला. जेवढ्या बंदुका गल्लीतून निघाल्या त्याहून जास्त त्या पटांगणातून तयार झाल्या, असं हे म्हणाले. पुढे आपली फौज परत आली. ह्याच मद्रासच्या बंदरात उतरली, तेव्हा फार कुणी हार घेऊन आलं नव्हतं. तिकडे दुसरी फौज आली. गल्ली बंद ती बंदच.

मी विचारलं, आच्ची त्या गल्लीतली तर नाही ना? नाही, तिचं गाव खाडीच्या त्या बाजूला, हे म्हणाले. पहिल्याच महिन्यात तिच्या बोलण्यावरून त्यांनी ते काढलं होतं. "माझी गल्ली नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी होती. पण वाक्य आम्हाला सगळ्यांना एकच शिकवलं होतं."

हातातली चादर ह्यांनी चारदा घडी घातली आणि चारदा मोडली. मी ती काढून घेतली आणि म्हटलं, चला, मी तुम्हाला तमिळ शिकवते.

इरुंगो. एवढाच एक शब्द. फौजेत ह्यांनी डोळे मिटून बंदूक सुटी करून परत जोडली असेल, पण ते "ंगो" काही तोंडात बसेना. "इरु" पर्यंत हुकूम व्हायचा आणि "ंगो" मागून धावत यायचं. आरशासमोर उभे राहून म्हणायचे. मी हसले की चिडायचे. हळू म्हणा, म्हटलं, खाली बघून म्हणा, आईला म्हणताय असं म्हणा. आईला आम्ही अगं-तुगंच करायचो, असं उत्तर आलं. मीही कपाळाला हात लावला. पण त्या दोन-तीन दिवसांत ह्यांच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या.

रविवारी दुपारी आम्ही खाली गेलो. मीच पुढे होते. आच्ची शेंगा सोलत बसली होती. ह्यांना बघितलं आणि शेंगा पदरातून सांडल्या, ती उभी राहिली. हे दारातच थांबले. घसा खाकरला.

"इरुंगो, आच्ची."

चांगलं म्हणाले. मी शिकवलं त्याहून चांगलं म्हणाले. आणि ती बसली. लगेच. शब्द संपायच्या आत. सांगितलं म्हणून बसली, जशी सांगितलं म्हणून उभी राहिली असती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकं हताश तोंड मी ह्यांचं कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. मला ह्यांची दया आली आणि तिची आली आणि त्या चार वाक्यं पढवणाऱ्या मास्तरचा संताप आला, जो कोण असेल तो.

वेताची खुर्ची तिथेच होती. हे तिच्यावर बसले नाहीत. उंबरठ्याच्या आत, जमिनीवर, शेंगांच्या सालांमध्ये मांडी घालून बसले आणि सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागले. ती बघत नव्हती. मी दाराला टेकून उभी होते. बाहेर कुठे तरी मुलं क्रिकेट खेळत होती. शेंगा गोळा झाल्या, ह्यांनी सोलायलाही सुरुवात केली, वाईट सोलत होते, दाणे ठेचून.

तेव्हा तिने विचारलं. मान खालीच, आवाज अगदी साधा, बस गेली का असं विचारावं तसा.

"ऐया, मणित्तियालम मुडिंजुतो?"

तास संपला का?

ह्यांचे हात थांबले. ह्या प्रश्नाचं उत्तर ह्यांना पाठ होतं, इतक्या वेळा दिलेलं. अजून नाही. मला भीती वाटली की तेच निघतंय तोंडातून.

"मुडिंजुतु," हे म्हणाले. "मुडिंजुतु, आच्ची. वीट्टुक्कु पोंगो."

संपला. घरी जा. आणि ते "ंगो" मी न शिकवता, आपोआप, जागच्या जागी आलं होतं.

आच्चीने मान वर केली. तिने ती खोली बघितली, पंखा, दिवा, मुलाचा कॅनडातला फोटो, दारातलं कुंडीतलं कढीलिंबाचं झाड. मग कितीतरी दिवसांनी तिने ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, शेंगा ठेचणाऱ्या हाताकडे बघितलं.

"एन्द वीट्टुक्कु, तंबी?"

कुठल्या घरी, तंबी?

हे तिथेच बसून राहिले, खाली मान घालून, आणि तिने ह्यांच्या हातातली शेंग काढून घेऊन ती कशी सोलायची ते दाखवलं.